पुण्यातील उत्सव व यात्रा

पुणे शहरात आणि त्याच्या भोवतालच्या हवेली, मावळ, खेड, जुन्नर, पुरंदर इ. भागांत वर्षभर साजरे होणारे उत्सव, यात्रा, उरूस, स्मृतिदिन व कलाविषयक समारोह. यांतील काही फार जुने, काही पेशवाईतील, तर बरेचसे एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत रूढ झालेले आहेत. त्यांच्या धार्मिक विधींविषयी विपुल लेखन झाले आहे. तथापि उत्सवाचा खर्च कोणी करावयाचा, त्यात कोणाला प्रवेश असावा आणि रस्त्याने वाजतगाजत जाण्याचा हक्क कोणाचा, या तीन प्रश्नांवरून येथील उत्सवांना वेळोवेळी जी वळणे मिळाली, त्यांवरून शहराच्या सामाजिक इतिहासाची अधिक स्पष्ट कल्पना येते.

सर्वांत जुना थर ग्रामदैवतांचा व यात्रांचा आहे. कसबा पेठेतील गणपती हे पुण्याचे ग्रामदैवत, तर तांबडी जोगेश्वरी ही ग्रामदेवता मानली जाते. कसबा गणपतीचे मंदिर शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळात जिजाबाईंनी बांधविले, अशी परंपरा आहे. नवरात्रात चतुःशृंगीच्या टेकडीवर मोठी जत्रा भरते. पुरंदर तालुक्यातील जेजुरी येथील खंडोबाच्या यात्रांना सर्व जातींचे व विशेषतः धनगर, रामोशी, कोळी व मराठा समाजांचे लोक दूरदूरहून येतात. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला चंपाषष्ठीचा उत्सव असतो. सोमवारी अमावास्या आली, म्हणजे देवाची पालखी गडावरून उतरून कऱ्हा नदीवर स्नानास जाते आणि भंडाऱ्याच्या उधळणीने गडाच्या पायऱ्या पिवळ्या होतात. दसऱ्याला तेथे देवाचा जड खंडा उचलून धरण्याची व त्याच्या कसरती करण्याची चढाओढ लागते. खेड शिवापूर येथील कमरअली दरवेश यांच्या दर्ग्याला मुसलमानांप्रमाणेच हिंदूही जातात. तेथील गोल दगड बोटांवर उचलण्याचा प्रकार प्रसिद्ध आहे.

आळंदी व देहू ही दोन्ही क्षेत्रे पुण्याच्या उत्तरेस व वायव्येस अगदी जवळ असल्यामुळे वारकरी पंथाच्या वार्षिक चक्राशी हे शहर जोडले गेले आहे. कार्तिक वद्य पक्षात ज्ञानेश्वरांच्या समाधिदिनानिमित्त आळंदीस, तर फाल्गुन वद्य द्वितीयेस तुकारामबीजेनिमित्त देहूस यात्रा भरते. पुणे शहराचा या परंपरेशी सर्वांत निकटचा संबंध मात्र आषाढी वारीमुळे येतो. तुकारामांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ च्या सुमारास तुकारामांच्या पादुका पालखीत ठेवून देहूहून आळंदीस व तेथून ज्ञानेश्वरांच्या पादुकांसह पंढरपुरास नेण्याचा प्रघात पाडला. पुढे त्यांच्या वंशजांत हक्कांविषयी वाद निर्माण झाले. त्यानंतर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी ज्ञानेश्वरांची पालखी आळंदीहून स्वतंत्रपणे काढण्यास आरंभ केला. सातारा जिल्ह्यातील आरफळचे हे गृहस्थ पूर्वी ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते. त्यांनी या सोहळ्यास जी शिस्त लावून दिली, तीत लष्करी तळाच्या व्यवस्थेची छाप स्पष्ट दिसते : दिंड्यांचा रथापुढील व रथामागील ठरलेला क्रम, चोपदारांचा अधिकार, मुक्कामाच्या जागी सायंकाळी होणारी समाजआरती व तीत मांडल्या जाणाऱ्या तक्रारी. बेळगाव जिल्ह्यातील अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे व तंबू पुरविले. अंकलीहून अश्व पाठविण्याची ती प्रथा आजही चालू आहे.

ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून व अष्टमीस आळंदीहून निघालेल्या या दोन्ही पालख्या पुण्यात येतात. ज्ञानेश्वरांची पालखी भवानी पेठेतील पालखी विठोबाच्या मंदिरात, तर तुकारामांची नाना पेठेतील निवडुंग्या विठोबाच्या मंदिरात उतरते. येथून मार्ग वेगळे होतात. पहिली दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण या मार्गाने, तर दुसरी लोणी काळभोर, यवत, बारामती, इंदापूर, अकलूज या मार्गाने पंढरपूरकडे जाते. पालख्यांचा पुण्यात दोन रात्री मुक्काम असतो आणि तेवढ्या अवधीत शहराच्या पूर्वेकडील पेठांचे रूप पालटते. शाळा, धर्मशाळा, मंगल कार्यालये व घरांच्या ओसऱ्या वारकऱ्यांसाठी खुल्या होतात. व्यापारी व मंडळे अन्नदान करतात, न्हावी विनामूल्य हजामत करतात, चर्मकार तुटलेल्या वहाणा शिवून देतात. तरीही वारीचा मूळ खर्च वारकरीच सोसतो. प्रत्येक दिंडीत जेवणखाणासाठी भिशी असते व तिच्यात ज्याचा त्याचा वाटा आधीच जमा झालेला असतो. शहर केवळ दोन दिवसांचे यजमान असते. कोणत्याही दरबाराच्या वा सरकारच्या आश्रयावर हा सोहळा कधी सर्वस्वी अवलंबून राहिला नाही, हे त्याच्या दीर्घायुष्याचे एक महत्त्वाचे कारण म्हटले पाहिजे.

समतेच्या दृष्टीने मात्र वारीचे चित्र एकेरी नाही. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे (१९०५–७०) यांनी पुण्याहून निघून पायी वारी केली व वाटचाल या लेखात तिचे वर्णन केले. एकच अभंग म्हणत चालणाऱ्या ब्राह्मण व मराठा बायकांच्या पंक्ती मुक्कामावर वेगळ्या होत, याची खंत त्यांनी त्यात नोंदविली आहे. ज्या देवाच्या भेटीसाठी ही वाटचाल होई, त्याच्या मंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना १९४७ पर्यंत बंद होते. त्या वर्षीच्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात केलेल्या उपोषणानंतर ते उघडले.

पेशवाईत पुणे राजधानीचे ठिकाण झाल्यावर दरबारी उत्सवांना महत्त्व आले. १७३२ मध्ये शनिवारवाडा बांधून तयार झाला. त्यातील गणेशमहालात भाद्रपदात गणपतीचा उत्सव कीर्तने, गायन, नाच व भोजने यांनी साजरा होई. दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला तर प्रत्यक्ष राजकीय अर्थ होता. पावसाळा संपून मोहिमा त्याच सुमारास निघत. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये पर्वतीवर देवदेवेश्वराचे मंदिर उभारले. टेकडीच्या पायथ्याशी रमणा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आवारात श्रावणातील दक्षिणेचे वाटप होई. ही दक्षिणा मूळची तळेगावच्या दाभाडे सेनापतींची. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे मारले गेले आणि पुढे हा दानधर्म पेशव्यांकडे आला. प्रतिस्पर्धी सरदाराचा पराभव झाल्यावर त्याच्या नावाचा उत्सवही विजेत्याने चालवावा, ही घटना उत्सव व सत्ता यांच्या संबंधांवर पुरेसा प्रकाश टाकते. देशाच्या निरनिराळ्या भागांतून हजारो ब्राह्मण त्यासाठी पुण्यात येत. विद्वत्तेला उत्तेजन हा तिचा मूळ हेतू होता; परंतु उत्तर पेशवाईत पात्रापात्रतेचा विचार मागे पडला व केवळ जातीवर दक्षिणा मिळू लागली.

१७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले आणि पुढील वर्षी पेशवाई संपुष्टात आली. दरबारी उत्सवांचा आधार त्याबरोबर नाहीसा झाला; १८२८ मध्ये लागलेल्या आगीत शनिवारवाड्यातील बहुतेक इमारतीही जळाल्या. दक्षिणा मात्र एकदम बंद करणे एल्फिन्स्टनला राजकीय दृष्ट्या इष्ट वाटले नाही. तिची रक्कम कमी करून तिच्यातील काही भाग १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळविण्यात आला. पुढे या निधीचा विनियोग मराठी ग्रंथनिर्मितीसाठी व्हावा, अशी मागणी सुधारकांनी केली आणि जुन्या पक्षाच्या विरोधाला न जुमानता १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. अशा रीतीने श्रावणातील एका उत्सवाचे रूपांतर प्रथम विद्यालयात व नंतर ग्रंथांच्या पारितोषिकांत झाले. भारतात अन्यत्र याला समांतर उदाहरण क्वचितच सापडेल.

पेशवाईनंतरच्या सत्तर वर्षांत गणेशोत्सव घरांपुरता व काही सरदारांच्या वाड्यांपुरता उरला. या काळात रस्त्यावरील सर्वांत मोठा सार्वजनिक उत्सव मोहरम हा होता. तालमी व आखाडे यांचे हिंदू तरुण त्यात मोठ्या संख्येने भाग घेत. अनेक हिंदू ताबूत बसवीत, नवस बोलत, सोंगे घेत आणि मिरवणुकीबरोबर नदीपर्यंत जात. वाद्ये, गाणारी पथके व नदीत विसर्जन ही सार्वजनिक मिरवणुकीची अंगे पुणेकरांच्या परिचयाची होण्यास मोहरमच्या मिरवणुकाही कारणीभूत होत्या, असे अभ्यासकांचे मत आहे व ते ग्राह्य वाटते. सुशिक्षित वर्गाने याच सुमारास एक निराळाच वार्षिक उपक्रम सुरू केला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे (१८४२–१९०१) यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला दर वर्षी एप्रिल-मे महिन्यांत भरते. देव, मिरवणूक वा प्रसाद यांपैकी काहीही नसताना केवळ भाषणे ऐकण्यासाठी दीडशे वर्षे लोकांनी जमावे, हे पुणेरी स्वभावाचे लक्षणच होय.

ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदु-मुस्लिम दंगा झाला आणि त्याचे पडसाद पुण्यात उमटले. त्याच सुमारास सार्वजनिक गणेशोत्सवाचा आरंभ झाला. कृष्णाजीपंत खासगीवाले यांनी ग्वाल्हेर येथे शिंदे सरकारचा गणेशोत्सव पाहिला व तसा उत्सव पुण्यात करावा, अशी कल्पना मांडली, असे सांगतात. भाऊसाहेब रंगारी या नावाने ओळखले जाणारे वैद्य भाऊ लक्ष्मण जावळे, गणेश नारायण घोटवडेकर व स्वतः खासगीवाले यांनी सार्वजनिक गणपती बसविले. हे पहिले वर्ष १८९२ की १८९३, तसेच उत्सवाचे जनकत्व रंगारी यांच्याकडे द्यावयाचे की लोकमान्य टिळकांकडे, याविषयी वाद आहे. २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेने उत्सवाचे १२५ वे वर्ष साजरे करावयाचे ठरविले, तेव्हा तो पुन्हा उफाळला. उपलब्ध माहितीवरून एवढे निश्चित म्हणता येते, की काही सार्वजनिक गणपती टिळकांच्या सहभागापूर्वी बसले होते आणि टिळकांनी सप्टेंबर १८९३ मध्ये केसरीतून या उपक्रमाचे स्वागत केले. १८९४ मध्ये त्यांनी स्वतः विंचूरकर वाड्यात गणपती बसविला व आपल्या वृत्तपत्राचे सर्व बळ उत्सवामागे उभे केले. त्या एका वर्षात सार्वजनिक गणपतींची संख्या तीनांवरून शंभरावर गेली. रोप लावणारा व त्याचा वृक्ष करणारा या दोघांत निवड करावयाची गरज मुळात का भासावी, हा प्रश्न मंडळांच्या प्रतिष्ठेशी निगडित आहे. इतिहासाला ती गरज नाही.

नव्या उत्सवाची दोन अंगे विशेष महत्त्वाची होती. पहिले अंग वर्गणीचे. पूर्वी राजाच्या खजिन्यातून होणारा खर्च आता आळीतील घरे व दुकाने यांच्यावर वाटला गेला. त्यामुळे उत्सवाची मालकी आळीची झाली व कार्यकर्ता नावाचा एक नवा वर्ग उदयास आला. दुसरे अंग मेळ्यांचे. एकसारखा पोशाख केलेली मुले व तरुण पदे म्हणत, लेझीम खेळत मंडपांपुढून हिंडत. ही पदे पौराणिक विषयांबरोबरच स्वदेशी, मद्यपाननिषेध, प्लेग, सरकारी धोरणे अशा विषयांवरही असत. राजकीय सभांवर बंधने असताना धार्मिक उत्सवाच्या आश्रयाने लोकशिक्षण साधणे शक्य झाले, हे श्रेय टिळकांना दिले जाते व ते योग्यच आहे.

मात्र या चित्राची दुसरी बाजू दुर्लक्षिणे उचित होणार नाही. जुलै १८९४ मधील मोहरमावर पुण्यातील बहुसंख्य हिंदूंनी बहिष्कार घातला. मेळ्यांच्या काही पदांत मुसलमानांविषयी उघड कटुता होती. सप्टेंबर १८९४ मध्ये दारूवाला पुलाजवळील मशिदीवरून एक मेळा वाद्ये वाजवीत जात असता दंगल उसळली. मशिदीपुढे वाद्ये वाजवावीत की नाहीत, हा प्रश्न त्यानंतर अनेक दशके पोलिसांच्या परवान्यांत, वृत्तपत्रांत व न्यायालयांत राहिला. शतकभर चाललेली ताबुतांतील सरमिसळ पुण्यात पूर्ववत अशी पुन्हा झाली नाही. सुधारकी मताच्या मंडळींनीही उत्सवावर टीका केली. धार्मिक भावनेचा राजकारणासाठी वापर, जुन्या समजुतींना मिळणारे उत्तेजन व पैशाचा अपव्यय हे त्यांचे आक्षेप होते. त्यांपैकी अखेरचा आक्षेप आजही तितक्याच जोमाने घेतला जातो.

नाशिकचा जिल्हाधिकारी जॅक्सन याचा डिसेंबर १९०९ मध्ये वध झाल्यावर सरकारने मेळ्यांवर कडक निर्बंध लादले. १९१० पासून पदे पोलिसांकडून आधी तपासून घ्यावी लागू लागली. टिळक त्या वेळी मंडालेच्या तुरुंगात होते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ब्राह्मणेतर चळवळीच्या तरुणांनी छत्रपती मेळा काढला. केशवराव जेधे व दिनकरराव जवळकर हे त्यामागील प्रमुख होते. ब्राह्मणी वर्चस्वावर व खुद्द टिळकपंथीयांवर या मेळ्याने झणझणीत टीका केली, त्यावरून मारामाऱ्याही झाल्या. या प्रकारात शिष्टाचाराचा भंग दोन्ही बाजूंनी झाला. परंतु उत्सवाचे व्यासपीठ हस्तगत केल्याशिवाय शहरात आपले म्हणणे ऐकले जाणार नाही, हे ब्राह्मणेतर पुढाऱ्यांनी ओळखले होते. जेधे पुढे काँग्रेसमध्ये गेले आणि मेळ्यांतील ही धार हळूहळू ओसरली.

याच दशकाच्या अखेरीस पेशव्यांच्या पर्वतीवर दुसरा संघर्ष घडला. ज्या टेकडीच्या पायथ्याशी एकेकाळी दक्षिणा वाटली जाई, तेथील मंदिर अस्पृश्यांना खुले करावे या मागणीसाठी १३ ऑक्टोबर १९२९ रोजी सत्याग्रह सुरू झाला. शिवराम जानबा कांबळे यांच्यासारखे दलित पुढारी त्यात अग्रभागी होते व एस्. एम्. जोशी यांच्यासारखे तरुण सवर्ण कार्यकर्तेही सामील झाले. सत्याग्रहींवर दगडफेक झाली. तात्कालिक यश मिळाले नाही. १९४७ चा मुंबई प्रांताचा मंदिरप्रवेशाचा कायदा होईपर्यंत वाट पाहावी लागली. सार्वजनिक म्हणविल्या जाणाऱ्या उत्सवांतील ‘सार्वजनिक’ या शब्दाची व्याप्ती तोवर किती मर्यादित होती, हे यावरून दिसते.

स्वातंत्र्यानंतर गणेशोत्सवातील राजकीय प्रबोधन मागे पडून देखावे, रोषणाई व मिरवणूक यांना प्राधान्य आले. मेळ्यांची जागा वाद्यवृंद, चित्रपट व हलत्या देखाव्यांनी घेतली. विसर्जनाच्या मिरवणुकीत पाच मानाचे गणपती प्रथम जातात : कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग व केसरीवाडा. हा क्रम टिळकांच्या काळापासूनचा मानला जातो. दगडूशेठ हलवाई यांनी आरंभ केलेला गणपती मानाच्या पाचांत नसला, तरी भाविकांच्या गर्दीत तो सर्वांच्या पुढे आहे. त्याची सध्याची मूर्ती उत्सवाच्या अमृतमहोत्सवी वर्षी, १९६८ मध्ये घडविली गेली. भाऊसाहेब रंगारी यांच्या मंडळाची मूर्ती राक्षसाचा वध करणाऱ्या गणपतीची आहे आणि तीच दर वर्षी पुजली जाते. महात्मा फुले मंडईपासून लक्ष्मी रस्त्याने नदीकाठापर्यंतचे अंतर पायी अर्ध्या तासाचे आहे. मिरवणुकीला मात्र अनेकदा २४ तासांहून अधिक वेळ लागतो. पुढे जाण्याच्या मानावरून मंडळांत होणारी रस्सीखेच व पोलिसांची मध्यस्थी हा त्या वेळापत्रकाचाच भाग झाला आहे.

शाळा व युवकसंघटनांनी शिस्तबद्ध ढोल-ताशा व बर्ची पथके मिरवणुकीत आणली, ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील इष्ट घटना होय. ज्ञानप्रबोधिनी व रमणबाग या शाळांची पथके या बाबतीत अग्रेसर ठरली. मुलींनी कमरेला ढोल बांधून रस्त्यावर येणे आज नवलाचे वाटत नाही. पन्नास वर्षांपूर्वी ते सहज मान्य झाले नसते. पुढे पथकांची व प्रत्येक पथकातील ढोलांची संख्या एवढी वाढली, की सराव व मिरवणूक या दोहोंविषयी नदीकाठच्या रहिवाशांच्या तक्रारी सुरू झाल्या. ध्वनिवर्धकांच्या भिंतींनी तर उत्सवाचा नाद कर्कश केला. केंद्र सरकारने २००० मध्ये ध्वनिप्रदूषणविषयक नियम केले व सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकांवरील बंदी कायम ठेवली. राज्य सरकारला वर्षातील मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. हे दिवस कोणत्या उत्सवांना मिळावेत, यावर दर वर्षी चर्चा होते. मुठेचे पाणी व प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती हा आणखी एक जिव्हाळ्याचा प्रश्न होय. महानगरपालिकेने घाटांवर हौद बांधले असून घरगुती गणपतींपैकी पुष्कळांचे विसर्जन आता त्यांतच होते. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा जाहीर केला. वर्गणीवर वाढलेल्या या उत्सवाला, पेशव्यांच्या खजिन्यानंतर दोन शतकांहून अधिक काळाने, पुन्हा सरकारी आश्रय लाभला आहे.

शिवजयंतीचा इतिहासही काहीसा असाच आहे. जोतीराव फुले यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवरील पोवाडा प्रसिद्ध केला व त्यांना शेतकऱ्यांचा राजा म्हणून लोकांपुढे उभे केले. टिळकांनी १८९५ मध्ये रायगडावरील समाधीच्या जीर्णोद्धारासाठी निधी जमविण्यास सुरुवात केली आणि १८९६ मध्ये तेथे उत्सव झाला. एकाच पुरुषाच्या स्मरणाचे हे दोन प्रवाह पुण्यातूनच निघाले व अद्याप पूर्णपणे एकरूप झालेले नाहीत. जुन्नरजवळील शिवनेरी किल्ल्यावर १९ फेब्रुवारीला शासकीय समारंभ होतो. तिथी मानणारे फाल्गुन वद्य तृतीयेस जयंती साजरी करतात.

पुण्याच्या ईशान्येस सु. ३० किमी. वर पुणे-अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) मार्गावर भीमा नदीच्या काठी कोरेगाव आहे. १ जानेवारी १८१८ रोजी पेशव्यांच्या सैन्याशी येथे जी लढाई झाली, तिच्या स्मरणार्थ कंपनी सरकारने जयस्तंभ उभारला. कंपनीच्या पलटणीत महार सैनिकांचा मोठा भरणा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १ जानेवारी १९२७ रोजी या स्तंभास भेट दिली आणि साम्राज्याच्या विजयाची खूण असलेले हे स्थळ दलितांच्या आत्मसन्मानाचे प्रतीक बनले. तेव्हापासून नववर्षाच्या पहिल्या दिवशी येथे लोक जमू लागले. अलीकडे त्यांची संख्या लाखांत मोजली जाते. १ जानेवारी २०१८ रोजी, लढाईच्या द्विशताब्दीच्या दिवशी, येथे हिंसाचार होऊन एका तरुणाचा मृत्यू झाला. त्यानंतर समारंभ मोठ्या पोलीस बंदोबस्तात होतो. कमी प्रसिद्ध, परंतु तितकेच अर्थपूर्ण स्थान देहूरोड येथील बुद्धविहाराचे आहे. २५ डिसेंबर १९५४ रोजी आंबेडकरांनी स्वहस्ते येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. नागपूरच्या धर्मांतरापूर्वी जवळजवळ दोन वर्षे घडलेल्या या घटनेच्या वर्धापनदिनी बौद्ध अनुयायी तेथे एकत्र येतात. तुकारामांचे देहू तेथून हाकेच्या अंतरावर आहे.

सभागृहे व मांडवांतील वार्षिक समारोहांत सवाई गंधर्व महोत्सवाला अग्रस्थान द्यावे लागेल. किराणा घराण्याचे गायक रामचंद्र कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व यांचे १९५२ मध्ये पुण्यात निधन झाले. त्यांचे शिष्य भीमसेन जोशी (१९२२–२०११) यांनी आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या वतीने १९५३ मध्ये गुरूची पुण्यतिथी म्हणून हा समारोह सुरू केला. राजदरबारांचा आश्रय संपुष्टात आलेला असताना तिकीट काढून, भारतीय बैठकीवर शाल पांघरून रात्रभर गाणे ऐकणारा मध्यमवर्गीय श्रोता या महोत्सवाने घडविला. पहाटेचे राग त्यांच्या वेळी ऐकावयास मिळत, ही त्याची अपूर्वाई होती. ध्वनिविषयक नियमांनंतर रात्रभराच्या बैठका बंद झाल्या. ढोल-ताशांसाठी व ध्वनिवर्धकांच्या भिंतींसाठी आवश्यक असलेल्या नियमाने तंबोऱ्यालाही दहाची वेळ घालून दिली, याचे वैषम्य जुन्या रसिकांना वाटणे साहजिक आहे. अनेक वर्षे रमणबाग शाळेच्या पटांगणावर होणारा हा महोत्सव २०१८ मध्ये मुकुंदनगर येथे गेला. भीमसेनांच्या निधनानंतर त्याच्या नावात त्यांच्या नावाचीही भर पडली. महाविद्यालयीन एकांकिकांची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था भरविते आणि मराठी रंगभूमीवरील अनेक नटांनी व लेखकांनी आपली पहिली चमक तिच्यात दाखविली आहे. १९८३ मध्ये पुणे मॅरॅथॉन व १९८९ मध्ये पुणे फेस्टिव्हल सुरू झाले. प्रायोजकांचे युग त्यांच्याबरोबर आले.

शहराभोवतालच्या खेड्यांत चैत्र-वैशाखांत ग्रामदैवतांच्या जत्रा भरतात. पालखी, छबिना, तमाशा व कुस्त्यांचा आखाडा ही त्यांची ठरलेली अंगे होत. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ व शिरूर तालुक्यांत बैलगाड्यांच्या शर्यतींवाचून जत्रेला शोभा नाही असे मानतात. चढाच्या धावपट्टीला तेथे घाट म्हणतात. गाड्यापुढे घोडी धावते आणि अंतर किती सेकंदांत कापले यावर निकाल ठरतो. प्राण्यांवरील क्रूरतेच्या कारणास्तव मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने या शर्यती बंद झाल्या. राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरविली. बंदीच्या काळात अनेक गावच्या जत्रा ओस पडल्या व शर्यतीचे खोंड पाळणे शेतकऱ्यांना परवडेनासे झाले. उलट शेपटी पिरगाळणे, टोचणी लावणे यांसारख्या प्रकारांना आळा बसण्यास हीच बंदी कारणीभूत झाली, असे प्राणिमित्र सांगतात.

कोरोनाच्या साथीमुळे २०२० मध्ये पुण्यातील बहुतेक उत्सवांत खंड पडला. त्या वर्षी गणेश विसर्जनाची मिरवणूक निघाली नाही, मंडळांनी मांडवातच मूर्तींचे विसर्जन केले आणि सवाई गंधर्व महोत्सव झाला नाही. २०२० व २०२१ या दोन्ही वर्षी ज्ञानेश्वर व तुकाराम यांच्या पादुका मोजक्या वारकऱ्यांसह राज्य परिवहन मंडळाच्या बसने पंढरपुरास नेण्यात आल्या. त्या काळात पुण्यातील विठोबांची दोन्ही मंदिरे पालखीविना राहिली. २०२२ च्या ज्येष्ठात दोन्ही पालख्या पूर्ववत पायी निघाल्या व भवानी आणि नाना पेठांत मुक्कामास उतरल्या.